प्रेमाच्या कादंबऱ्या आणि बायकांच्या आठवणी

 

आम्ही कोपरगाव तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. गटात चौदा जणी आहोत. महिन्याचा हप्ता गोळा करायला तुम्ही बसता तशा आम्हीही बसतो. दोन वर्षांपासून त्यात एका गोष्टीची भर पडली. बुधवारी दुपारी, जेवणं-भांडी आटोपली की आम्ही पुस्तक वाचतो. एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. हात मोकळे नसतात. कुणी शेंगा फोडतं, कुणी लसूण सोलतं, कुणाच्या मांडीवर गोधडी असते. चौदातल्या चौघींना वाचता येत नाही. पण मत द्यायला वाचता यावं लागत नाही, आणि त्या चौघींची मतंच सगळ्यांत तिखट असतात.

रेडिओच्या ताई म्हणाल्या, यंदा काय वाचलं ते सांगा. आम्ही म्हटलं, आम्हाला काही पेपरात येतं तसं परीक्षण करता येत नाही. त्या म्हणाल्या, करूच नका, आवडलं-नावडलं तेवढं सांगा. म्हणून हे चौदा जणींचं मिळून बोलणं. जिथं आमचं पटलं नाही तिथं पटलं नाही असंच सांगू.

यंदा दोन तऱ्हेची पुस्तकं झाली. एक प्रेमाच्या कादंबऱ्या, दुसऱ्या बायकांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी. तसं ठरवलं नव्हतं. गटातल्या एकीची मुलगी कॉलेजला जाताना वाचनालयातून पुस्तक बदलून आणते. तिला कादंबरी आवडते आणि तिच्या आईला खरं घडलेलं. मग एक हिचं, एक तिचं, असं येत गेलं. त्याचा परिणाम मात्र गमतीचा झाला. एका बुधवारी कादंबरीतल्या नायिकेसाठी डोळे पुसायचे आणि पुढच्या महिन्यात खरीखुरी बाई समोर येऊन सांगणार, की बाई गं, माझं असं झालं.

सुरुवात ना. सी. फडक्यांपासून झाली. त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, कर्जतचा, १८९४ सालचा. एके काळी त्यांच्या कादंबऱ्यांवर तरुण पोरं-पोरी जीव टाकायची म्हणे. भाषा गोड आहे, यात शंका नाही. पुढं काय होणार याची ओढही लागते. पण आमच्यात दोन बुधवारांनंतर चुळबुळ सुरू झाली. एक काकू म्हणाल्या, ‘‘हे दोघं कामाला कधी जातात?’’ खरंच, त्या माणसांना पोटापाण्याची घाईच नाही. नायिकेच्या साडीचा रंग कळतो, केसांतलं फूल कळतं, पण तिच्या घरी पाणी कोण भरतं ते कळत नाही. तरी आमच्यातल्या दोघी-तिघींना हेच फार आवडलं. त्यांचं म्हणणं, पाणी भरायचं दुःख रोजच आहे, ते पुस्तकात कशाला हवं? घटकाभर साडीचा रंग बघू द्या की. हेही काही खोटं नाही. त्यामुळं फडक्यांवर आमची मतं निम्मी-निम्मी.

मग आली वि. स. खांडेकरांची ‘ययाति’. १९५९ सालची कादंबरी, आणि याच कादंबरीचं नाव घेऊन खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. पुस्तक जाड बघून आम्ही आधी नाक मुरडलं होतं. पण दुसऱ्याच बुधवारी लक्षात आलं, की ही तर आपल्या बेटावरची गोष्ट! कोपरगाव सोडून बाकीच्या मैत्रिणींसाठी सांगतो. आमच्या इथं गोदावरीकाठी बेट म्हणून भाग आहे. तिथं शुक्राचार्यांचं देऊळ आहे, जवळच कचेश्वर आहे. दैत्यांचे गुरू शुक्राचार्य इथंच राहायचे आणि कच संजीवनी विद्या शिकायला इथंच आला, असं आमच्याकडे पूर्वीपासून मानतात. इथल्या साखर कारखान्यालासुद्धा पूर्वी संजीवनी नाव होतं. शुक्राचार्यांच्या देवळात मुहूर्त न बघता लग्न लावता येतं असंही मानतात. आता शुक्राचार्यांची मुलगी देवयानी. म्हणजे ती आमच्या गावची लेक झाली की नाही? तिचं माहेर कोपरगाव!

एवढं कळल्यावर वाचनाचा रंगच बदलला. खांडेकरांनी ही कथा तिघांच्या तोंडून सांगितली आहे. ययाति राजा ‘मी’ म्हणून बोलतो, देवयानी ‘मी’ म्हणून बोलते, शर्मिष्ठाही बोलते. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. देवयानीचा जीव कचावर जडला, तो विद्या घेऊन निघून गेला. मग शर्मिष्ठेशी भांडण झालं, तिनं देवयानीला विहिरीत ढकललं, ययातीनं हात धरून बाहेर काढलं. पुढं देवयानी त्याची राणी झाली आणि राजकन्या शर्मिष्ठेला तिनं दासी करून बरोबर नेलं. ययातीनं त्या दासीशीच चोरून संसार मांडला.

पुस्तकात शर्मिष्ठा गोड, सोसणारी, जीव लावणारी. देवयानी मात्र ताठ, अहंकारी, नवऱ्याला घालूनपाडून बोलणारी. वाचणाऱ्याचा ओढा शर्मिष्ठेकडे जावा अशीच सगळी मांडणी आहे. पण आमच्या गटात उलटंच झालं. लग्नाच्या पहिल्या रात्री नवऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येतो आणि देवयानी तोंड फिरवते, असा प्रसंग आहे. तिथं वाचणारी थांबली. बराच वेळ कुणी बोललं नाही, नुसता शेंगांचा आवाज. मग आमच्या सगळ्यांत थोरल्या आत्याबाई म्हणाल्या, ‘‘मग तिनं काय करायचं होतं? हार घालायचा होता?’’

आत्याबाईंचं ऐकून सगळ्याच बोलायला लागल्या. ज्या मुलीच्या घरात दारूपायी केवढा अनर्थ झालेला! दैत्यांनी कचाला मारलं, जाळलं, त्याची राख दारूत कालवून तिच्या बापाला पाजली. तिथपासून शुक्राचार्यांनी दारूलाच शाप दिला, अशी कथा आहे. त्या घरची मुलगी दारूचा वास कसा सोसेल? आमच्यात अशा पाच जणी आहेत ज्यांना हा वास पुस्तकात वाचायची गरज नाही. त्यांनी देवयानीला ताठ म्हणायला साफ नकार दिला. अर्थात शर्मिष्ठेला दासी केलं ते वाईटच, त्यावर सगळ्यांचं एकमत. पण आम्हाला वाटलं, खांडेकरांनी देवयानीला ‘मी’ म्हणायला लावलं खरं, तरी तिच्या तोंडून बोलले ते खांडेकरच. मोठे लेखक, मनापासून लिहिणारे, तरीही पुरुषच. देवयानीनं बेटावर बसून स्वतः लिहिलं असतं तर त्या रात्रीचं काय लिहिलं असतं, यावर आम्ही पुढचे दोन बुधवार घालवले.

आता ‘स्वामी’. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ साली आली. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई. आमच्यातल्या वयानं मोठ्या असलेल्यांना ती दूरदर्शनवरच्या मालिकेमुळं माहीत होती. रवींद्र मंकणी माधवराव, मृणाल देव रमा. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर गर्दी व्हायची. ‘स्वामी’तही आमचं गाव डोकावतं, कारण माधवरावांना जन्मभर छळणारे काका राघोबादादा हे कोपरगावकरच म्हणायचे. त्यांचं इथं राहणं असायचं, १७८३ साली ते इथंच वारले. म्हणजे शुक्राचार्यही आमचे आणि राघोबादादाही आमचे! आता काय करणार, गावाला असतात असे एकेक.

‘स्वामी’ वाचताना आम्ही रडलो. खोटं कशाला सांगायचं. नवरा सत्तावीस वर्षांचा, क्षयानं झिजलेला, थेऊरच्या गणपतीपाशी शेवटचे दिवस मोजतोय आणि रमा उशाशी बसलेली. त्यांना दोन घटका एकांत मिळत नाही, राज्यकारभार मध्ये येतो, सासूबाई मध्ये येतात, काका मध्ये येतात. हे सगळं फार जिवाला लागतं. एकत्र कुटुंबात नांदलेल्या प्रत्येकीला त्यातलं काहीतरी आपलं वाटतं. १७७२ साली माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. पुस्तक तिथं संपतं. त्या दिवशी कुणी चहासुद्धा केला नाही.

पुढच्या बुधवारी मात्र एक जण म्हणाली, ‘‘मला आठवडाभर झोप नीट नाही.’’ आमच्यातली ही बाई अकरा वर्षांपूर्वी विधवा झाली. दोन मुलं वाढवली, दीड एकर कांदा-मका स्वतः बघते. ती म्हणाली, ‘‘रमेचं फार सुंदर लिहिलंय. पण माझा नवरा गेला तेव्हा मी जगले, म्हणून माझं प्रेम कमी होतं का?’’ यावर काय बोलणार! आम्ही कुणीच काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून प्रेमाच्या कादंबरीचा शेवट आम्ही जरा डोळे उघडे ठेवून ऐकतो.

मधेच एक प्रकरण घडलं, ते सांगायलाच हवं. आमच्याच गटातल्या एकीच्या घरचं आहे, तिला विचारून सांगतोय. तिची मुलगी बारावीला. दप्तरात प्रेमकथेचं पुस्तक सापडलं. वाचनालयाचं साधं पुस्तक, वर मुलगा-मुलीचं चित्र. मोठ्या भावानं ते फाडलं. म्हणाला, हेच वाचायला कॉलेजात जाते का? चुलत्यांनी सूर मिळवला. आठ दिवसांत पाहुणे बघायला बोलवायचं ठरलं. मुलगी अठराची पुरती झालेली नाही.

गटातल्या सहा जणी त्यांच्या घरी गेलो. भांडायला नव्हे, चहाला म्हणून गेलो. आत्याबाईंनी चुलत्यांना विचारलं, तुम्ही त्यातलं काय वाचलं? त्यांनी काहीच वाचलं नव्हतं. मग आम्ही काकोडकरांची गोष्ट सांगितली, जी आम्हालाही वाचनालयातल्या ताईंकडून नुकतीच कळली होती. चंद्रकांत काकोडकर हे प्रेमकथांचे फार खपणारे लेखक. त्यांच्या ‘निलांबरी’वरून तर ‘दो रास्ते’ हा राजेश खन्नाचा सिनेमा निघाला. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ नावाची कथा आली आणि ती अश्लील आहे म्हणून खटला झाला. खालच्या कोर्टात सुटले, हायकोर्टानं पंचवीस रुपये दंड केला, ते सुप्रीम कोर्टात गेले. १९६९ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांच्या म्हणण्याचा मतलब असा होता, की कादंबरीत स्त्री-पुरुषांच्या संबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून ती कोवळ्या पोरांना वर्ज्य करायची ठरवलं, तर त्यांना एकही कादंबरी वाचता येणार नाही, नुसती धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. म्हणजे आमच्या मैत्रिणीच्या ओसरीवर जे भांडण चाललं होतं, तेच दिल्लीपर्यंत जाऊन आलेलं.

चुलते गप्प बसले. पटलं म्हणून की कंटाळले म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. पाहुण्यांना ‘यंदा नको’ असा निरोप गेला. मुलगी परीक्षेला बसली. फाटलेल्या पुस्तकाचे पैसे गटानं भरले. भाऊ अजून बहिणीशी नीट बोलत नाही, आणि आईला त्याचं फार वाईट वाटतं. ती मधून मधून म्हणते, पुस्तक सापडलंच नसतं तर बरं झालं असतं. आम्ही तिला काही म्हणत नाही. घर तिला चालवायचं आहे.

त्या पुस्तकात होतं काय, तर आम्ही नवी प्रत आणून वाचली. नायक श्रीमंत, आधी रागीट, मग प्रेमळ. नायिका गरीब आणि स्वाभिमानी. पावसात भेट, गैरसमज, शेवटी लग्न. एका दुपारी संपलं. बिघडण्यासारखं त्यात काही नाही. फसण्यासारखं मात्र एक आहे. रागीट माणूस प्रेमानं सुधारतो, हे असल्या बहुतेक पुस्तकांत असतं. आमच्या चौदा जणींच्या मिळून हिशोबात असा सुधारलेला एकच सापडला, आणि तोही डॉक्टरनं भीती घातल्यावर. हे आम्ही मुलीलाही हसत हसत सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मला माहितीये, आत्या. गोष्ट आहे ती.’’ पोरींना आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं.

आता आठवणींच्या पुस्तकांकडे येतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्हाला सगळ्यांत आवडली, यावर चौदा जणींचं एकमत आहे, आणि असं एकमत आमच्यात हप्त्याच्या तारखेवरही होत नाही. १९३४ पासून ही पुस्तकरूपानं येऊ लागली. लक्ष्मीबाई मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लहानपणी लग्न झालं, अक्षरओळख नंतरची. नवरा कवी, रेव्हरंड नारायण वामन टिळक. मोठा माणूस, पण संसाराला कठीण. हातात पैसा टिकायचा नाही, कुणी गरजू दिसला की देऊन मोकळा. मनात आलं की न सांगता घर सोडून निघायचे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि लक्ष्मीबाईंचं सगळं जगच उलटंपालटं झालं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या परत त्यांच्याकडे गेल्या, आपलं सोवळं-ओवळं सांभाळून वेगळं रांधून खात राहिल्या, आणि पुढं स्वतःच्या मनानं विचार करून जातपात सोडली, १९०० साली स्वतःही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं घडलं ते आपल्या नगरला, राहुरीला. राहुरी म्हणजे आमच्यातल्या दोघींचं माहेर. तिथलं काही वाचनात आलं की त्या दोघी अशा ऐटीत बसायच्या, जणू लक्ष्मीबाई यांच्याच भाऊबंद.

हे पुस्तक ऐकायला इतकं सोपं का, तर बाई लिहीत नाही, बोलते. आपण विहिरीवर बोलतो तसं. घरात उपासमार असली तरी सांगताना हसवते. वडिलांना सोवळ्याचं वेड लागलेलं, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, त्यात घरच्या बायकांचे हाल. ते ऐकताना आम्ही हसून हसून शेंगा सांडल्या, आणि मग एक जण हळूच म्हणाली, ‘‘त्या बायांच्या हाताला किती भेगा पडल्या असतील.’’ नवऱ्याच्या चुका लक्ष्मीबाई एकही लपवत नाहीत. भांडणं जशीच्या तशी सांगतात. तरी पान उलटताना सारखं जाणवतं की या बाईचा त्या माणसावर जीव होता, आणि त्याचाही हिच्यावर. नवरा गेल्यावर त्यांनी अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे मोठं काव्य हिनं पुरं केलं. जिला लग्नाच्या वेळी वाचता येत नव्हतं, तिनं! आमच्या मते यंदाची सगळ्यांत चांगली प्रेमकथा हीच. वाचनालयात ती प्रेमकथांच्या फळीवर ठेवत नाहीत, एवढंच.

रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० चं पुस्तक जरा जुन्या वळणाचं वाटलं. अकरा वर्षांच्या मुलीला न्यायमूर्ती रानडे शिकवत होते आणि घरातल्या बाया तिला त्यावरून टोचून बोलत होत्या, तेवढा भाग आम्ही पुन्हा वाचायला लावला. न्यायमूर्तींचा जन्म शेजारच्या निफाडचा. पण रमाबाई नवऱ्याला देवासारखं लिहितात, त्यामुळं लक्ष्मीबाईंसारखी गंमत येत नाही.

खरं भांडण झालं ते ‘नाच गं घुमा’वर. माधवी देसाईंचं हे आत्मकथन, १९८८ सालचं. मंगळागौरीच्या खेळातली घुमा तुम्हाला माहीत आहे. तिला सगळ्या नाच म्हणतात आणि ती कशी नाचू म्हणून एकेक अडचण सांगते. माधवीताई म्हणजे सिनेमावाल्या भालजी पेंढारकरांची मुलगी. पहिले पती वारले, मुली पदरात. नंतर त्यांचं लग्न झालं रणजित देसाईंशी. हो, ज्यांनी ‘स्वामी’ लिहिली तेच. वाचणारीनं हे सांगितलं तेव्हा दोघी-तिघींच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. रमा-माधवाचं प्रेम ज्यांच्या लेखणीतून उतरलं, त्यांच्या कोवाडच्या घरात बायको म्हणून आलेल्या बाईला काय वाटलं, ते या पुस्तकात आहे. मोठ्या लेखकाच्या भोवती माणसांचा राबता आणि त्यात तिचं एकटं पडणं. शेवटी ती घराबाहेर पडते.

आमच्यात सरळ दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, घरातलं चव्हाट्यावर आणू नये. नवरा-बायकोचं भांडण एकाच बाजूनं ऐकून न्याय करता येत नाही. शिवाय ‘स्वामी’ आम्हाला इतकी आवडलेली, आता ती वाचताना हे आठवणार. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, की तिनं न्याय मागितलाच कुठं? तिनं आपली बाजू सांगितली. पुरुषानं पेशव्यांच्या घरातलं, राणीच्या शेजघरातलं सगळं कल्पनेनं लिहिलं तर ती कला, आणि बाईनं स्वतःच्या घरातलं खरं लिहिलं तर तो चव्हाटा, हे कसं?

हे भांडण पुस्तकापुरतं राहिलं नाही. आमच्या गटाचा पहिल्यापासून एक अलिखित नियम होता, की घरगुती गोष्टी बैठकीत काढायच्या नाहीत. पैशाचं बोलायचं आणि उठायचं. त्या बुधवारी एक जण म्हणाली, ‘‘मी आठ महिने हप्ता उशिरा का देत होते, ते तुम्ही कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दंड मात्र भरला.’’ मग तिनं सांगितलं. ते आम्ही इथं सांगणार नाही, ते तिचं आहे. पण उशिराच्या हप्त्याला दंड लावण्याआधी दोघींनी घरी जाऊन विचारायचं, असा ठराव त्या महिन्यात वहीत लिहिला गेला. चव्हाट्याची बाजू घेणाऱ्या काकूंनीच तो मांडला. त्यांचं मत मात्र तेच आहे. त्या म्हणतात, आपल्यात सांगणं वेगळं आणि छापणं वेगळं.

त्यांचं तसं म्हणणं असतानाच बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ हाती आलं. या फलटणच्या. त्यांचं छोटंसं किराणा दुकान होतं. माल बांधायला आलेल्या रद्दीच्या कागदांवर जे छापलेलं असेल ते त्या वाचायच्या, आणि दुकानात बसल्या बसल्या लिहायच्या. नवऱ्याला कळू नये म्हणून ते लिखाण कित्येक वर्षं लपवून ठेवलं होतं. मग ते ‘स्त्री’ मासिकातून छापून आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. नाव बघा, ‘माझं’ नाही, ‘आमुचं’. एकटीची कहाणी नाही ती. महारवाड्यातलं जगणं, भूक, बाळंतीण बाईच्या पोटातली आग, वरच्या जातींनी केलेला छळ, आणि आपल्याच घरात सुनांना झालेली मारहाणसुद्धा. बाबासाहेबांच्या चळवळीनं माणसं कशी ताठ उभी राहिली, ते वाचताना अंगावर काटा येतो.

हे पुस्तक भराभर वाचवत नाही. आमच्या गटात सगळ्या जातींच्या बाया आहेत. काही पानं ऐकताना काहींनी मान खाली घातली आणि काहींनी प्रथमच मान वर करून सांगितलं, की आमच्या आजीचं असंच होतं. पाण्याचं, वेगळ्या कपाचं बोलणं निघालं. आम्ही शेजारी राहतो, वर्षानुवर्षं एका वहीत हप्ते लिहितो, पण हे बोलणं कधी झालं नव्हतं. चव्हाटावाल्या काकू त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. निघताना तेवढं म्हणाल्या, ‘‘पुढचं मी असताना वाचा, मला सोडून वाचू नका.’’

सध्या आमच्याकडे सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ चालू आहे, १९९० सालचं. पुलंची बायको म्हणून आम्ही हसायच्या तयारीनं बसलो होतो, पण बाई फार करड्या आहेत, स्वतःलाही सोडत नाहीत. निम्मं झालंय, म्हणून मत राखून ठेवतो. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगण्यासारखी आहे. १९४६ साली त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. खर्च किती, तर फॉर्मचे आठ आणे, आणि तेही सुनीताबाईंनीच भरलेले. आमच्या गटाच्या वहीत यंदा लग्नासाठी घेतलेली तीन कर्जं आहेत. आठ आणे ऐकून त्या तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीनं विचारलं, मंडप नाही, जेवण नाही, मग लोक काय म्हणाले? ते पुढच्या पानांत येतं का बघतोय.

कुणाला आमच्याबरोबर बसायचं असेल तर बुधवारी अडीचला या. कांदे लागवडीच्या दिवसांत वाचन रात्री आठला असतं, लाईट असली तर. ज्यांना गटात वाचन सुरू करायचंय त्यांनी ‘स्मृतिचित्रे’पासून करा, जाड दिसलं तरी घाबरू नका. वाचणारी एकच ठेवू नका, आवाज बसतो. आणि येताना आपापल्या शेंगा घेऊन या, मागच्या वेळी आमच्या पुरल्या नाहीत.